पुण्याच्या पोटांतील पाणी

पुणें शहरास पाणी कोठून मिळतें असें विचारलें असतां कोणीहि सुशिक्षित पुणेकर खडकवासल्याचें नांव घेईल. अधिक चौकस असेल तर पानशेत, वरसगांव आणि टेमघर हीं आणखी तीन नांवें जोडील. पावसाळ्यांत या चार धरणांतील साठ्याचे आंकडे वर्तमानपत्रांत रोज छापून येतात आणि ते घरोघर आवडीनें वाचले जातात. परंतु एप्रिल-मे महिन्यांत शहराच्या कडेला नव्यानें वसलेल्या मोठ्या वसाहतींच्या फाटकाशीं पहाटेपासून टँकरची रांग लागते. त्या टँकरांतील पाणी कोणत्या धरणाचें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्यांतील कांहीं महानगरपालिकेच्या भरणा केंद्रांवरून आलेलें असतें हें खरें. पण पुष्कळसें आसपासच्या विहिरींचें व कूपनलिकांचें असतें. वसाहतीच्या आवारांत दोनचार कूपनलिका असतात त्या वेगळ्याच. म्हणजे पुण्यास आणखी एक, पांचवें धरण आहे. तें जमिनीखालीं आहे, त्याला भिंत नाहीं, दरवाजे नाहींत, आणि त्यांत आज किती पाणी शिल्लक आहे याचा आंकडा कोणत्याहि वर्तमानपत्रांत येत नाहीं.

हें पांचवें धरण वास्तविक पुण्याचें पहिलें धरण होय. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी बंदिस्त दगडी नळानें शहरांत आणून पेठापेठांच्या हौदांत सोडलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु त्या काळींहि वाड्यावाड्यांतून आड होते, बागांतून विहिरी होत्या, आणि घरगुती खर्चाचें पुष्कळसें पाणी त्यांतूनच निघे. श्रोत्यांपैकीं ज्या वडील मंडळींचें बालपण वाड्यांत गेलें असेल त्यांस रहाटाचा करकर आवाज आणि दोरानें घांसून काठावरील दगडाला पडलेल्या खांचा आठवत असतील. १८७० नंतरच्या दशकांत खडकवासल्याचें धरण उभें राहिलें, नळ आले, आणि आडांचें महत्त्व ओसरलें. प्रथम पिण्याचें पाणी नळाचें व वापरण्याचें आडाचें अशी वांटणी झाली, पुढें आडांत निर्माल्य पडूं लागलें, त्यापुढें केरकचरा. शेवटीं अनेक आड बुजवून त्यांवर इमारती उठल्या. १२ जुलै १९६१ या दिवशीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याची भिंतहि टिकली नाहीं, आणि शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हां लोक घागरी घेऊन उरल्यासुरल्या आडांकडे व हौदांकडे वळले. धरणें पुन्हां बांधलीं गेलीं आणि आड पुन्हां विस्मरणांत गेले.

आतां या जमिनीखालच्या साठ्याचें स्वरूप काय, हें पाहणें अगत्याचें आहे. कारण त्याविषयीं सुशिक्षितांतहि चमत्कारिक समजुती प्रचलित आहेत. भूमीच्या पोटांत नद्या वाहतात, एखादें मोठें सरोवर दडलेलें असतें, आणि पाणाड्यानें हातांतील डहाळीच्या किंवा नारळाच्या साहाय्यानें त्या नदीची नेमकी जागा दाखविली कीं काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. पाणाड्याचें भाकीत बरेच वेळां खरें ठरतें यांत नवल नाहीं. मुठा खोऱ्यासारख्या प्रदेशांत सखल जागीं खणल्यास थोडेंबहुत पाणी बहुतेक ठिकाणीं लागतेंच. प्रश्न पाणी लागण्याचा नसून तें टिकण्याचा आहे, आणि त्याचें उत्तर डहाळीजवळ नाहीं.

पुण्याखालचा खडक म्हणजे दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या भेगांतून तप्त लाव्हारस पुनःपुन्हां बाहेर येऊन पसरला, व त्याचे थरावर थर थिजत गेले. गंगेच्या मैदानांत जशी शेंकडों फूट खोल वाळू व गाळ आहे, आणि त्या वाळूच्या कणाकणांमधील पोकळींत पाणी साठून राहतें, तशी सोय येथें नाहीं. थराचा मधला भाग घट्ट, अखंड. त्यांत पाण्याचा थेंबहि शिरत नाहीं. थराच्या माथ्याचा भाग मात्र लाव्हारसांतील वायु निघून जातांना सच्छिद्र झालेला असतो. विहीर खणणारे कारागीर त्याला मांजऱ्या म्हणतात. ऊनपावसानें झिजून या खडकाचा मुरूम होतो, आणि मुरमांत पाणी चांगलें मुरतें. घट्ट पाषाणासहि जेथें उभ्याआडव्या भेगा पडल्या आहेत तेथें त्या भेगांतून पाणी वाहतें. दोन थरांच्या मध्यें कोठें कोठें तांबड्या, गेरूसारख्या मातीचा पट्टा आढळतो. वरून झिरपत आलेलें पाणी त्यावर अडतें, आणि टेकडीच्या उतारावर तो पट्टा उघडा पडला असेल तर तेथें झरा फुटतो.

अशा पाणी धरणाऱ्या व पाणी सोडणाऱ्या थरास भूजलधर म्हणतात. पुण्याखालीं एकच एक भूजलधर नसून एकावर एक, एकाशेजारीं एक असे अनेक लहानमोठे भूजलधर आहेत, आणि त्यांची धारणाशक्ति बेताचीच आहे. वाळूच्या थरांतून शंभर भागांस दहापंधरा भाग पाणी उपसतां येतें. काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत हें प्रमाण शंभरांस एक ते तीन भाग इतकेंच पडतें. यांतील व्यावहारिक अर्थ असा कीं हा सांठा लवकर भरतो आणि लवकर रिताहि होतो. चांगला पाऊस झाला म्हणजे सप्टेंबरांत विहिरी तुडुंब दिसतात, आणि उपसा जोराचा असेल तर फेब्रुवारींतच त्यांचा तळ दिसूं लागतो. गंगेच्या मैदानांत एका पिढीची उधळपट्टी दुसऱ्या पिढीस भोंवते. पुण्यांत तिचें फळ त्याच वर्षीं पदरांत पडतें.

हा सांठा भरतो कोठें? शहराच्या भोंवतालच्या व मधल्या टेकड्यांवर आणि ओढ्यांच्या कांठीं. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीमागील उंचवटे, कात्रज-सिंहगडची रांग, बावधन-बाणेरच्या टेकड्या, या सर्वांवर पडलेला पाऊस मुरूम व भेगा यांतून आंत शिरतो, उतारानें खालीं सरकतो, आणि कोठें झऱ्याच्या, कोठें विहिरीच्या रूपानें प्रगट होतो. रामनदी, देवनदी, आंबिल ओढा यांसारखे प्रवाह पूर्वीं पावसाळा संपल्यावरहि महिनोन्महिने वाहात, तें या झऱ्यांच्या बळावर. पुण्यांत वर्षास सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. टेकडीचा उतार फोडून त्यावर काँक्रीट घातलें कीं हेंच पाणी जमिनींत न शिरतां गटारांतून नदींत धांवतें. त्यामुळें एकच कृत्य पावसाळ्यांत पूर आणि उन्हाळ्यांत टंचाई अशा दोन्ही आपत्तींस कारण होतें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्याच्या पुरानें कांठच्या वस्त्यांची जी दैना केली तिला अतिवृष्टि कारण होतीच. पण ओढ्याची आवळलेली कुशी व त्याच्या वरच्या अंगाची बांधकामें हींहि तितकींच कारण होतीं. टेकड्यांच्या रक्षणाचा वाद शहरांत वारंवार पेटतो, आणि त्यांत बहुधा वृक्ष, पक्षी व सकाळचा फेरफटका यांचीच भाषा ऐकूं येते. टेकडी ही पाण्याची टांकी आहे हा मुद्दा त्यांत क्वचित् मांडला जातो, आणि खरें पाहतां तोच सर्वांत बळकट मुद्दा आहे.

उपशाच्या बाबतींत १९७२ च्या दुष्काळानें मोठी क्रांति केली. तोंपर्यंत विहीर म्हणजे माणसांनीं पहार, कुदळ व सुरुंग यांनीं खणलेली, बहुधा तीसचाळीस फूट खोल. दुष्काळांत खडक फोडणारीं हवेच्या दाबाचीं नवीं यंत्रें महाराष्ट्रांत आलीं, आणि दोनशें फुटांचें भोंक दिवसा-दोन दिवसांत पाडतां येऊं लागलें. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमारास, १९७२ सालीं, स्थापन झाली. त्या यंत्रांनीं खेड्यापाड्यांतील लाखों लोकांस पिण्याचें पाणी दिलें, हें त्यांचें ऋण नाकारतां येत नाहीं. परंतु पाण्यांत बुडून चालणारा विजेचा पंप स्वस्त झाल्यावर हेंच साधन शहरांतील इमारतीच्या आवारांत येऊन बसलें, आणि दोनशें फुटांस पाणी कमी पडलें कीं चारशें, चारशेंस कमी पडलें कीं सहाशें, अशी चढाओढ सुरू झाली.

ही चढाओढ निरर्थक आहे असें खडकाचा अभ्यास सांगतो. खोल जावें तसतशा भेगा सामान्यतः कमी व बारीक होत जातात. तेथें लागलेलें पाणी पुष्कळदां जुनें, सावकाश साठलेलें असतें. तें एकदां उपसलें कीं भरून येण्यास फार काळ लागतो. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, वरच्या भूजलधरास भेदून खालीं गेलेल्या नळीस योग्य केसिंग नसेल तर वरचें पाणी त्या भोंकावाटें खालीं गळतें. शेजारच्या जुन्या विहिरी मग पंप न लावतांहि आटतात. आणि वरच्या थरांत जर सांडपाणी मुरलें असेल तर तेंहि त्याच वाटेनें खालच्या स्वच्छ थरांत पोंचतें. एका वसाहतीनें आपल्या कुंपणाच्या आंत पाडलेलें सहा इंचांचें भोंक हा अशा प्रकारें साऱ्या आळीचा प्रश्न होऊन बसतो.

कायदा मात्र दीर्घकाळ कुंपणापाशींच थांबला होता. इंग्लंडांत १८४३ सालीं ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल हा खटला गाजला. एका कापड गिरणीच्या मालकाची विहीर जवळच कोळशाची खाण खणल्यामुळें आटली. त्यानें दाद मागितली. न्यायालयानें ती दिली नाहीं. भूमीखालच्या पाण्याचे मार्ग गुप्त व अज्ञात आहेत, तेव्हां वाहत्या ओढ्यास लागू पडणारे नियम त्याला लावतां येत नाहींत, आणि जो आपल्या जमिनींत खणतो तो आपलें तेंच घेतो, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनीं, १८५६ सालीं, फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचें काम करणाऱ्या आंरी दार्सी या इंजिनियरानें वाळूंतून पाणी किती वेगानें वाहील याचें गणिती सूत्र प्रसिद्ध केलें. मार्ग अज्ञात राहिले नाहींत. पण कायद्याची समजूत तशीच राहिली, आणि हिंदुस्थानांत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या द्वारें ती रूढ झाली. जमीन ज्याची त्याच्या मर्यादेंत तिच्याखालचें पाणीहि त्याचें, मग तें पाणी काल शेजाऱ्याच्या जमिनीखालून आलेलें कां असेना.

महाराष्ट्रानें या समजुतीस दोनदां मुरड घातली. १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आंत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणला. पुढें २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम झाला. राष्ट्रपतींची संमति मिळून तो २०१४ सालीं अंमलांत आला. विहिरींची नोंदणी, ६० मीटरपेक्षां, म्हणजे सुमारें दोनशें फुटांपेक्षां, खोल विहिरींवर नियंत्रण आणि पाणलोट क्षेत्रानुसार व्यवस्थापन हीं तत्त्वें त्यांत आहेत. तत्त्वें उत्तम आहेत. परंतु पुणें शहरांत कूपनलिका एकंदर किती, याची बिनचूक यादी कोणाजवळहि नाहीं, आणि जें मोजलेंच नाहीं त्यावर नियंत्रण कसें ठेवावयाचें हा प्रश्न कायद्याच्या कलमांनीं सुटत नाहीं.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच, किंबहुना अधिक, निकडीचा प्रश्न त्याच्या शुद्धतेचा आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत टाकला गेला. त्या ढिगांतून झिरपणारा काळपट द्रव जमिनींत मुरून भोंवतालच्या विहिरी नासल्या, आणि ज्या गांवांनीं तो कचरा निर्माण केला नव्हता त्यांना टँकरचें पाणी पिण्याची पाळी आली. २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें महानगरपालिकेंत समाविष्ट झालीं. या भागांत इमारती आधीं उठल्या, नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या मागाहून येत राहिल्या. मधल्या काळांत विहीर, कूपनलिका आणि शोषखड्डे हीं एकमेकांच्या शेजारीं नांदूं लागलीं. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याच्या परिसरांत, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूस, गियां-बारे या मज्जातंतूंच्या विकाराची सांथ उद्भवली. वर्तमानपत्रांनीं जीबीएस या नांवानें ती घरोघर पोंचविली. संशयित रुग्ण दोनशेंहून अधिक झाले, कांहींचा मृत्यु ओढवला, आणि अनेक रुग्णांस कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावें लागलें. कांहीं रुग्णांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतु आढळला. तो दूषित अन्नपाण्यांतून शरीरांत जातो, आणि हा विकार त्या संसर्गाच्या मागून येऊं शकतो. साहजिकच त्या भागास पाणी पुरविणाऱ्या विहिरीकडे व खासगी टँकरांकडे संशयानें पाहिलें गेलें. भूजल म्हटलें कीं तें जमिनींतून गाळून आलेलें, म्हणून निर्मळ, ही श्रद्धा वाळूच्या प्रदेशांत कांहीं अंशीं तरी खरी ठरते. काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी गाळलें जात नाहीं. तें नळांतून यावें तसें धांवत येतें, आणि बरोबर जें असेल तें घेऊन येतें. म्हणून कूपनलिकेचें पाणी पिण्यास वापरावयाचें तर प्रयोगशाळेंत त्याची तपासणी व नित्य निर्जंतुकीकरण यांस पर्याय नाहीं, मग तें दिसावयास कितीहि नितळ असो.

व्यवस्थापनाचा विचार करतांना पावसाचें पाणी साठविण्याची योजना प्रथम पुढें येते. नव्या इमारतींस ती सक्तीची आहे, आणि ती करावीच. पण तिच्यापासून अपेक्षा किती ठेवावी याचा हिशेब घरच्या घरीं करण्यासारखा आहे. शंभर कुटुंबांच्या एका वसाहतीचें छप्पर एक हजार चौरस मीटर धरलें तर सातशें मिलिमीटर पावसानें त्यावर वर्षास सात लक्ष लिटर पाणी पडतें. चार माणसांचें कुटुंब व माणशीं रोज १३५ लिटर असा खर्च धरला तर त्या वसाहतीस दररोज ५४ हजार लिटर लागतात. सारें छप्परपाणी, एक थेंबहि वायां न जातां, जमिनींत गेलें तरी तें तेरा दिवस पुरेल. उंच इमारतींच्या वसाहतीनें छपरावरच्या पन्हाळीस नळ जोडून आपलें कर्तव्य संपलें असें मानणें म्हणूनच फसवें आहे. याउलट टेकडीची एक हेक्टर जमीन तेवढ्याच पावसांत सत्तर लक्ष लिटर पाणी झेलते. त्यांतील दहावा हिस्सा जरी मुरला तरी तो त्या संपूर्ण छपराच्या बरोबरीचा होतो, आणि त्यास कोणतीहि देखभाल लागत नाहीं. मुरण्याची जागाहि नेमकी असावी लागते. घट्ट पाषाणांत खणलेला शोषखड्डा पाण्यानें भरून तसाच उभा राहतो. तो मुरमांत किंवा भेगाळ थरापर्यंत नेला तरच उपयोगी. गटाराच्या अंगास असलेल्या खड्ड्यांतून तर सांडपाण्याचेंच पुनर्भरण व्हावयाचें.

शहराच्या बाबतींत एक गमतीची गोष्ट अशी कीं, त्याच्या जुन्या नळांतून जें पाणी गळून जातें तेंहि जमिनींतच मुरतें, आणि मध्यवस्तींतील कित्येक विहिरी ऐन उन्हाळ्यांत भरलेल्या दिसतात त्यांत या गळतीचा हात असतो. उद्यां नळ दुरुस्त होऊन गळती थांबली, आणि ती थांबावी हें योग्यच, तर अशा विहिरींची पातळी उतरण्याचा संभव आहे. दुसरी गोष्ट गमतीची नसून चीड आणणारी आहे. मोठ्या इमारतींच्या तळघरांसाठीं दोनतीन मजले खोल खड्डे खणले जातात. त्यांच्या बाजूंतून पाझरणारें पाणी पंप लावून रात्रंदिवस रस्त्याच्या गटारांत सोडलें जातें. महिनोन्महिने चालणाऱ्या या उपशाचा हिशेब नाहीं, त्याला मोल नाहीं. आणि इमारत पुरी होऊन लोक राहावयास आले म्हणजे त्याच फाटकांतून टँकर आंत येऊं लागतात. बांधकामाचा परवाना देतांनाच या पाण्याचें काय करावयाचें, तें कोठें वापरावयाचें किंवा कोठें पुन्हां जिरवावयाचें, हें ठरवून घेणें अवघड नाहीं. जवळच्या बागेस किंवा दुसऱ्या बांधकामास तें सहज पुरेल.

पुण्याखालच्या भूजलधरांचे अभ्यास झाले आहेत. हिमांशु कुलकर्णी यांच्यासारख्या भूजलशास्त्रज्ञांनीं व त्यांच्या ॲक्वाडॅम या पुण्यांतील संस्थेनें खडकाच्या थरांचा हा विषय वर्षानुवर्षें लोकांपुढें मांडला आहे. उणीव आहे ती आळीआळींतील दैनंदिन नोंदीची, आणि ती सरकारनेंच भरून काढावी असें नाहीं. कोणत्याहि वसाहतीच्या कार्यकारी मंडळास आपल्या कूपनलिकेंत पंपाच्या नळाशेजारीं एक बारीक प्लॅस्टिकची नळी कायमची सोडून ठेवतां येते. वजन बांधलेली दोरी तींतून खालीं सोडावयाची आणि पाणी किती फुटांवर आहे तें वहींत तारखेसह लिहावयाचें. पंप कांहीं तास बंद ठेवून, पहाटेच्या वेळीं मोजलेला आंकडा विश्वसनीय असतो. मे महिन्याच्या अखेरीस एक व ऑक्टोबरांत एक, एवढीं दोन मापें तरी दरवर्षीं घ्यावींत. महिन्याला एक घेतलें तर अधिक चांगलें. पंपावर पाण्याचा मीटर बसवून उपशाचा आंकडा त्याच पानावर लिहिला कीं तीनचार वर्षांत त्या वसाहतीला आपला सांठा वर्षास किती भरतो व किती रिकामा होतो हें कळूं लागेल, आणि शेजारच्या दोनतीन वसाहतींच्या वह्या बाजूला ठेवून पाहिल्यास सर्वांची पातळी एकदमच खालींवर होते कीं काय, म्हणजे साऱ्या एकाच भूजलधरांतून पाणी घेत आहेत कीं काय, हेंहि उमगेल.